कंदील ठीक

दाजी, तुम्हाला चार शिव्या घालाव्यात असं गेले तेरा दिवस मनात आहे. पण तुम्ही माईचे, माझ्या बहिणीचे, नवरे, वयानं मोठे, आणि आता तर भिंतीवर हार घालून बसलेले. तिन्हीकडून माझी पंचाईत. जिवंत होतात तोवर मेहुण्याच्या हक्कानं तुमची खोडी काढता यायची. फोटोची खोडी काढली तर लोक म्हणतील, मास्तर दुःखानं कामातून गेला. म्हणून लिहायला बसलोय. कागदावर आवाज चढला तर निदान शेजाऱ्यांना ऐकू जात नाही.

तुमचं नाक आधी. कारण माझं तुमच्याशी पहिलं भांडण त्या नाकावरूनच झालं. तुमचा दिवाळसण, चांदनी गावात आमच्या घरी. मी बावीस वर्षांचा, मागच्या अंगणात गुपचूप एक विडी ओढून, दोन वेलदोडे चघळून, तोंड धुऊन तुमच्या शेजारी येऊन बसलो. तुम्ही माझ्या वडिलांच्या देखत शांतपणे म्हणालात, "वेलदोडा बरा आहे. पण विडी ओली होती वाटतं, मास्तर." मी तेव्हा मास्तर नव्हतो. ते नाव तुम्हीच ठेवलं आणि पुढं माझी भाकरीही त्याच नावावर शिजली. पण त्या दिवशी वडिलांनी मला जे ऐकवलं, त्याचा हिशेब मी तुमच्याशी तीस वर्षं भांडून चुकता केला. अजून थोडा बाकी आहे.

त्या नाकावरच तर तुमचा प्लांट चालायचा. शेजारच्या कारखान्यात मळी आंबवून स्पिरिट काढायचे, आणि आंबताना जो गॅस बुडबुडत वर येतो तो नळानं तुमच्याकडं यायचा. पाहुण्यांना तुम्ही सांगायचात, "गॅसला आंघोळ घालायचं काम हाय माझं." आधी पाण्याच्या टॉवरमध्ये धुवायचा, मग जांभळ्या औषधाच्या पाण्यात, मग करवंटीच्या कोळशानं भरलेल्या टॉवरमधून काढायचा म्हणजे उरलासुरला वास कोळसा पिऊन टाकतो, मग सुकवायचा, मग गारठवून पातळ करायचा आणि टँकरमध्ये भरायचा. सोडावॉटरच्या बाटलीत जो बुडबुडा असतो ना, तो आमच्या दाजींच्या हातचा, असं मी वर्गात सांगायचो. पोरांना प्रकरणापेक्षा ते जास्त लक्षात राहायचं.

आणि टँकर सुटायच्या आधी तुमची परीक्षा. थोडा पातळ गॅस फडक्याच्या पिशवीत सोडला की त्याचा भुरभुरीत बर्फ होतो. तो काचेच्या ग्लासात घ्यायचा, उडून जाऊ द्यायचा, आणि मागं काय वास राहतो ते हुंगायचं. मशीन होतं, त्याचा कागदही निघायचा. पण तुम्ही मान हलवल्याशिवाय ड्रायव्हर गाडी चालू करायचा नाही. एवढ्यासाठी तुम्ही पान सोडलं, अत्तर सोडलं, ड्यूटीच्या दिवशी घरात लसणाची फोडणी बंद केली, उदबत्तीसुद्धा बंद. माई म्हणायची, "माझ्या देवाला तीस वर्षं झाली, वास म्हणजे काय ते माहीत नाही."

तुम्हाला घरी आणलं त्या दिवशी लोकांनी जुडगेच्या जुडगे उदबत्त्या लावल्या. माई आतून आली आणि एकेक करून सगळ्या पाण्यात बुडवल्या. म्हणाली, "नका लावू. त्यांना चालत नाही." मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. विडी सोडून बारा वर्षं झाली म्हणून, नाहीतर ओढली असती.

धुतलेल्या गॅसला वास नसतो, दाजी. हे मी नव्यानं शिकवत नाही, तुम्हीच मला शिकवलं. ओला पाला, अंडी, स्पिरिट, जे जे त्यात असतं ते काढून टाका, की उरतं ते नाकाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळं खोलगट जागी पाण्यासारखं साचून बसतं. लग्नाच्या मांडवात बसल्या जागेवरून बासुंदी लागलीय हे आचाऱ्याच्या आधी ओळखणारा माणूस तुम्ही. तुम्हाला नेलं ते तुम्ही स्वतःच्या हातानं धुतलेल्या गॅसनं. याचा मला इतका संताप येतो की कोणावर काढू ते कळत नाही. मग जवळचा माणूस म्हणून स्वतःवरच काढतो.

कारण ती गोष्ट मीच सांगत फिरायचो.

सहा-सात वर्षांपूर्वीची. कोळसा थकला की टॉवर उघडून जुना कोळसा खालच्या तोंडातून काढायचा, आणि मग आत उतरून तळाची जाळी खरवडून साफ करायची. तुम्ही उतरलात, थोड्या वेळानं झोकांड्या खात वर आलात, आणि जे खाली बसलात ते थेट तुमच्या जोडीदाराच्या, इस्माईलभाईच्या, जेवणाच्या डब्यावर. चार भाकरी चपट्या. डोळे फिरलेले असताना तुम्ही विचारलंत, "इथं भाकरी कोणी ठेवली?" बास. एवढीच गोष्ट. पण ती माझ्या हाती लागली. मी तिला तिखटमीठ लावलं. पहिल्या लग्नात चार भाकरी होत्या, दुसऱ्यात वांग्याचं भरीत आलं, तिसऱ्यात इस्माईलभाई डब्याला कवटाळून रडतो असं मी करून दाखवलं. गेल्या उन्हाळ्यात इतवारा मोहल्ल्यात पुतणीचं लग्न होतं, तिथं तर लोकांनी फर्माईश केली, "मास्तर, ती टॉवरची होऊ द्या." मी उभं राहून, झोकांड्या खाऊन, खुर्चीवर बसून दाखवलं. तुम्ही हसता हसता डोळे पुसत होता. माझ्या ताटात आग्रहानं दोन मावा जिलेब्या वाढल्यात.

दाजी, तो विनोद नव्हता. तुम्ही मरता मरता वाचला होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याची करमणूक करून टाकली. मी विज्ञान शिकवतो. एकाही लग्नात माझ्या डोक्यात हे आलं नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. आलं होतं. पण लोक हसत होते.

आणि तुमचा तो कंदील. तुकईथडला, तुमच्या गावी, तुमच्या बाबांची विहीर, चैतात गाळ काढायच्या आधी बाबा पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचे. जळत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. तो कंदील बाबा गेल्यावर तुम्ही प्लांटवर नेलात. टॉवर म्हणजे लोखंडी विहीरच, तुमच्या लेखी. आमचा वाद आठवतो का? तुमच्या ओट्यावर, पोळ्याच्या दिवशी. मी म्हणालो, "दाजी, विहिरीतलं वेगळं. या गॅसमध्ये कंदील विझायच्या आधी माणूस विझतो. ज्योत जरा मंद होते, पण जळत राहते. तोवर माणूस खाली."

तुम्ही म्हणालात, "तुझा दिवा पुस्तकात जळतो, मास्तर. माझा बापानं दिलेला हाय."

"मग गॅस मोजायचं मीटर कशाला घेतलंय कंपनीनं?"

"मीटर मरून पडलंय ड्रॉवरात. त्याला दुरुस्तीला इंदूरला धाडायचं म्हणून राहिले दिवाळीपासून."

"कोणती दिवाळी?"

"मागची," तुम्ही म्हणालात, आणि मग जरा विचार करून, "त्याच्या मागची."

मी बराच तापलो. तुम्ही ऐकून घेतलंत, सुपारी फोडावी तशी हाताची बोटं मोडलीत, आणि म्हणालात, "मग तू अर्ज लिहून दे ना. हिंदीत, जरा कडक. मीटर द्या, नाहीतर उतरणार नाही. मी सही करतो. माझं लिहिणं म्हणजे कोंबडीचे पाय." मी म्हणालो, लिहितो. तुम्ही दोनदा आठवण केलीत. एकदा फोनवर, एकदा बाजारात केळीच्या गाडीआड उभं राहून. दोन्ही वेळा मी म्हणालो, "लिहितो, दाजी, पेपर तपासून होऊ द्या."

परवा तो कागद माझ्या हजेरीपटात सापडला. वर लिहिलंय, 'सेवा में, श्रीमान प्रबंधक महोदय'. खाली स्वल्पविराम. त्याच्या खाली काही नाही. स्वल्पविराम मात्र फार सुबक काढलाय.

त्या दिवशी काय झालं ते मला इस्माईलभाईंनी सांगितलं. तुमचे पंचवीस वर्षांचे सोबती, ज्यांचा डबा मी गावभर रडवला ते. सकाळी टँकर भरायला उभा, सोडावॉटरवाल्यांचा. तुम्ही ग्लास हुंगला आणि मान हलवली नाही. बारीक, केसाएवढा अंड्याचा वास. मशीनचा कागद बरोबर म्हणत होता. प्लांटचे साहेब फोनवर म्हणाले, भरून टाका. तुम्ही म्हणालात, नाही. इतकं खमकेपण तुमच्यात होतं, दाजी, गॅससाठी. वास गेला पाहिजे म्हणून थकलेला टॉवर बंद केलात, शेजारचा चालू केलात, आणि बंद टॉवरचा कोळसा काढायला घेतलात. दोन टॉवरच्या मधल्या नळाचा व्हॉल्व्ह जुना. त्यातून चालू टॉवरचा धुतलेला गॅस हळूहळू इकडं उतरत होता. त्याला वास नव्हता, त्यामुळं तुमच्या नाकाला कळायचा प्रश्नच नव्हता.

तुम्ही कंदील सोडलात. दोरी इस्माईलभाईंच्या हातात होती. मग तुम्ही उतरलात. दुसऱ्या कोणाला आधी उतरू द्यायचं नाही, हा तुमचा नियम. मग आतून जाळी खरवडल्याचा आवाज यायचा थांबला.

"मास्टरजी," इस्माईलभाई मला म्हणाले, आणि हे त्यांनी तीनदा म्हटलं, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं, "कंदील तो जल रहा था।"

काल तुमचं तेरावं झालं. पंगत उठत होती तेव्हा साहेब आले. भला माणूस दिसतो, चप्पल दारात काढली, फोटोला हात जोडले, मग फाईलमधून एक कागद काढला. चौकशी चालू आहे, त्यात घरच्यांचं निवेदन लागतं म्हणे. "भाभीजी, बस एक दस्तखत। मामला जल्दी निपट जाएगा।" माईनं कागद माझ्याकडं दिला, वाच म्हणाली. मी वाचला. त्यात लिहिलं होतं की मृतकानं परमिट न बनवता, 'अपनी मर्ज़ी से' टॉवरमध्ये प्रवेश केला.

माईनं विचारलं, "काय म्हणून?"

"मर्जीनं, माई. स्वतःच्या."

माई साहेबांकडं वळली. तिची हिंदी तुम्हाला माहीत आहे, पण काल तिला कोणी हसलं नाही. "साहब, तीस बरस में इन्होंने अपनी मर्जी से एक बुशर्ट नहीं लिया। वो भी मैं लाती थी।"

साहेब म्हणाले, "वो सब ठीक है, भाभीजी, पर परमिट नहीं बना था, ये तो सच है ना।"

तेव्हा पत्रावळी गोळा करत असलेले इस्माईलभाई उभे राहिले. हात धुतले, पुसले, खिशातून फोन काढला आणि मला दिला. रजिस्टरचे फोटो. आत उतरायच्या परमिटची पानं. त्यात एक रकाना आहे, मीटरचं रीडिंग लिहायचा. त्या रकान्यात, प्रत्येक पानावर, कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलंय, 'कंदील ठीक'. आणि त्याच्या खाली, प्रत्येक पानावर, साहेबांची ऐटदार सही. शेवटचं पान त्या दिवसाचं. 'कंदील ठीक' आहे. सहीची जागा रिकामी.

"फोन पे बोले थे, उतर जाओ, मैं आके साइन कर दूँगा," इस्माईलभाई म्हणाले. आवाज चढवला नाही. तुमच्यासारखेच आहेत ते, नको तिथं शांत.

मी ते फोटो बघत होतो आणि मला साहेबांचा जितका राग आला ना, दाजी, तितकाच तुमचा आला. खरं सांगतो. केसाएवढ्या वासासाठी तुम्ही टँकर अडवू शकत होता. दुसऱ्याच्या बाटलीतल्या बुडबुड्यासाठी साहेबांना नाही म्हणू शकत होता. स्वतःसाठी एकदा तो रकाना कोरा ठेवता आला नाही? मीटर नाही, उतरत नाही, एवढं? तुम्ही त्यांचं भोक तुमच्या बापाच्या कंदिलानं बुजवत राहिलात, आणि ते सही करत राहिले, आणि मी लग्नातून झोकांड्या खात राहिलो. अक्षर तुमचं, सही त्यांची, हसणं माझं. मर्जी कोणाची होती ते आता तुम्हीच सांगा.

साहेब फाईल आवरत म्हणाले, सोमवारी, म्हणजे आज, दुसरा टॉवर उघडायचाच आहे, काम थांबवता येत नाही, सही सावकाश करा, काही घाई नाही. आज कोण उतरणार होतं? इस्माईलभाई. ते जमिनीकडं बघत होते.

मग माईनं पदर खोचला. तुम्हाला तो पदर माहीत आहे, तो खोचला की तुम्ही पेपर घडी करून ठेवायचात.

"साहब, दस्तखत नहीं होगा। ये 'मर्जी' जब तक लिखा है, नहीं होगा। और हमारा कंदील वापस दे दो।"

"कंदील?" साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मेरे ससुर का है। कंपनी का नहीं। अभी चाहिए।"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. शिकलेला माणूस म्हणून माझ्याकडून त्यांची काही अपेक्षा असावी. मी म्हणालो, "घरचं सामान आहे, साहेब. मी आणतो जाऊन." उभ्या आयुष्यात साहेबलोकांपुढं मी एवढं एकच वाक्य धड बोललोय आणि तेही सामानाबद्दल.

इस्माईलभाईंच्या मोटरसायकलवर मागं बसून प्लांटवर गेलो. तुमच्या कपाटाच्या खिळ्यावर होता. काचेवर काजळी, दोरी अजून कडीला बांधलेली. मी काढला तेव्हा इस्माईलभाई माझ्या हाताकडं बघत होते. मला वाटलं त्यांना वाईट वाटतंय. म्हणाले, "अच्छा किया। ये दीवार पे रहता तो मैं कल उतर जाता।"

घरी आल्यावर माईनं राखेनं काच घासली. पेटवला नाही. तुम्हाला ठेवलं होतं त्या जागी दहा दिवस पणती होती, तिच्यात ती रोज वाकून तेल घालायची, आणि रोज मी उठून बाहेर जायचो, कारण पणती जळताना बघून घरात सगळं ठीक आहे असं वाटायचं. कंदील तिनं फोटोच्या खाली नाही, आत धान्याच्या कोठीवर ठेवला. म्हणाली, "राहू दे. कुणाच्या नजरेस नको."

आज सकाळी शाळेच्या आधी मी अर्ज पुरा केला. हिंदीत, जरा कडक, तुम्ही सांगितलात तसा. स्वल्पविरामाच्या पुढं चार ओळी झाल्या. चारच. पोळ्यापासून ज्यासाठी मला सवड होत नव्हती ते लिहायला चहा निवायच्या आत झालं. मीटर दुरुस्त करा, मधला व्हॉल्व्ह बदला, तोवर कोणी उतरणार नाही. सोबत रजिस्टरचे फोटो जोडले. एक प्रत चौकशीवाल्यांना दिली, एक गेटवर दिली आणि शिक्का घेतला. सहीच्या जागी तुमचं नाव असायला हवं होतं. तिथं माईनं सही केली. तिचं अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे, हे तुम्ही कधी कबूल केलं नाही.

मग नववीच्या वर्गात जाऊन फळ्यावर मेणबत्ती विझायचं चित्र काढलं आणि आपल्या पोळ्याच्या वादातलं, पुस्तकात नसलेलं एक वाक्य खाली लिहिलं. पोरांनी विचारलं, "सर, हे परीक्षेला येईल?" मी म्हणालो, नाही, पण उतरवून घ्या.

ती डब्याची गोष्ट मी आता सांगणार नाही असं ठरवलं होतं. मग वाटलं, सांगीन. चारच भाकरी ठेवीन, भरीत काढून टाकीन, आणि शेवटी तुम्ही कसे वाचलात ते हसवल्याशिवाय सांगीन. मांडवातले लोक उठून जातील बहुतेक. जाऊ देत.

राग गेलेला नाही, दाजी. तो अर्जानं जात नाही. पण आता चार वाजता इस्माईलभाईंचा फोन आला होता, ते तुम्हाला सांगायचं म्हणून हे सगळं. त्यांनी आज रजिस्टर साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवलं आणि विचारलं, मीटरच्या रकान्यात काय लिहू. साहेब उठले आणि मीटरच्या दुरुस्तीसाठी इंदूरला फोन लावायला आत गेले.

रकाना कोरा आहे. टॉवरचं झाकण अजून बंद आहे.